न धाडलेले सात अर्ज

बन्सीकाका कुणाचाही अर्ज लिहून झाला की तो त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचे. अर्ज दोन ओळींचा असो, समोरचा बी.ए. झालेला असो, सवलत नाही. वाचून झालं की चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "हेच म्हणायचंय ना?" समोरचा "व्हय" म्हणाला तर अर्ज पुढं जायचा. त्यानं मान खाजवली, छताकडं पाहिलं किंवा "तसंच कायतरी" असं म्हटलं, की काका अर्ज बाजूला ठेवून द्यायचे.

ही सवय त्यांनी वाळूजच्या आमच्या कारखान्यात आणली ती वैजापूरहून. तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली बारा वर्षं ते अर्जनवीस होते. समोर टाइपरायटर, त्याच्या बाजूला शाईचा पॅड, आणि अंगठा उठवून झाल्यावर पुसायला एक फडकं. त्यांचा बाप लासूर स्टेशनच्या अलीकडच्या एका वस्तीवरचा. त्यानं एकदा कुणीतरी पुढं केलेल्या कागदावर न ऐकता अंगठा दिला होता, आणि महिनाभरानं त्याला कळलं की आपण आपल्याच भावाविरुद्ध साक्ष दिलीय. त्यानंतर बापानं पोराला शाळेत घातलं, आणि पोरगा मॅट्रिक झाल्यावर टायपिंगला. "बापानं मला वाचायला शिकवलं नाय," काका म्हणायचे, "वाचून दाखवायला शिकवलं."

मीही वैजापूरचाच. जिल्हा परिषदेची शाळा, मग शहरात कॉम्प्युटरचा डिप्लोमा. आमच्या घरात आजोबा पूजा सांगायचे. मंत्राचा अर्थ यजमानानं विचारायचा नाही आणि आजोबांनी सांगायचा नाही, अशी दोन्ही बाजूंची समजूत. त्यामुळं काकांची ती वाचून दाखवायची पद्धत मला सुरुवातीला वेळकाढूपणा वाटली. कारखान्यात माझं पद 'सिस्टीम अ‍ॅडमिन'. म्हणजे सर्व्हर सांभाळायचा, प्रिंटरमधला अडकलेला कागद काढायचा, आणि मॅनेजर साहेबांच्या केबिनमधला पंखा आवाज करायला लागला तरी मलाच बोलवायचं, कारण तोही विजेवर चालतो.

काका डिस्पॅचला कारकून होते. गाड्यांचे ब्रॅकेट आमच्याकडं बनायचे, त्यांच्या पेट्या ट्रकमध्ये चढल्या की मालाचं चलन काकांनी करायचं. मग व्यवस्थापनाच्या मनात कागद बंद करायचं आलं. रजा, शिफ्टची अदलाबदल, तक्रार, सगळं यापुढं ईमेलनं. एकशे चाळीस कामगारांना एकशे चाळीस पत्ते मीच काढून दिले. पासवर्डही दिले, ते त्यांनी दोन दिवसांत विसरून टाकले. कुणी तो कंपनीच्या कॅलेंडरवर लिहिला, कुणी तंबाखूच्या पुडीवर. शेवटी दुपारच्या सुट्टीत सगळी रांग डिस्पॅचच्या टेबलासमोर लागायला लागली. काका, अर्ज लिहा.

काका लिहायचे. पण आठवड्याभरात ते माझ्याकडं आले आणि म्हणाले की एक अडचण आहे. अर्ज त्यांच्या कॉम्प्युटरवरून जातो म्हणून त्यावर त्यांचंच नाव पडतं. धोंडिबाची रजा बन्सीच्या नावानं जाते. हे बरं नाही. ज्याचा अर्ज त्याच्या नावानं जायला पाहिजे.

आता सर्व्हर म्हणजे काय, तर टपालघर. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो. नीट लावलेलं टपालघर खिडकीतच थांबवून विचारतं, तू कोण, तुझा पासवर्ड काय, आणि हे नाव तुझंच का. मी ही विचारपूस बंद केली. कारखान्याच्या आतल्या कुठल्याही मशीनवरून आलेलं पाकीट, नाव कुणाचंही असो, न विचारता घ्यायचं, अशी दोन ओळींची सोय मी सर्व्हरवर करून दिली. अर्ध्या तासाचं काम. काकांच्या पडद्यावर पाठवणाऱ्याच्या जागी धोंडिबाचा पत्ता टाकला, अर्ज धोंडिबाच्या नावानं गेला. काका इतके खूश झाले की गोजरबाईंनी, म्हणजे काकूंनी, दिलेल्या ज्वारीच्या भाकरीतली अर्धी मला दिली. असं दार उघडं ठेवू नये हे मला डिप्लोमात शिकवलं होतं. त्या दिवशी भाकरी चांगली होती.

पडद्यावर काही विचारलं गेलं की काका घाबरायचे आणि मला फोन करायचे. मी म्हणायचो, जे विचारेल त्याला ओके म्हणा. मग मी त्यांचं नावच 'ओकेकाका' पाडलं. नाव पाडण्यात मला शाळेपासून गती आहे. महिन्याभरात ते गेटवरच्या वॉचमनच्याही तोंडी बसलं.

दोन हजार सोळाचा तो उन्हाळा. शहर तेव्हा औरंगाबादच होतं, आणि चारी बाजूंनी वाढत होतं. जिथं पाण्याची लाइन पोचली नव्हती तिथं 'चोवीस तास पाणी'चे फलक लावून सहामजली इमारती उभ्या राहत होत्या. धरण तळाला गेलं होतं. कारखान्यांचं पाणी कापलं गेलं, आमची तिसरी शिफ्ट डळमळायला लागली. गावाकडं टँकर आठ-आठ दिवसांनी यायचा, आणि तो यायच्या दिवशी घरात धडधाकट माणूस पाहिजे म्हणून निम्मे लोक रजा मागायचे. काकांची रांग दुप्पट झाली. रजा नाकारली गेली की माणसं चिडून काहीबाही लिहायला सांगायची.

पत्रा दाबायच्या विभागातला, प्रेस शॉपचा राजकुमार असाच एक दिवस आला. गावाकडं म्हातारी आई एकटी, रजा नाकारलेली. "लिहा काका, राजीनामा." काकांनी लिहिला. मग वाचून दाखवला, सावकाश, नावगावासकट. राजकुमार ऐकत राहिला. ओळी संपल्यावर म्हणाला, "नाय, ऱ्हाऊ द्या." काकांनी तो तसाच ठेवून दिला. ते असे अर्ज पुसायचे नाहीत. म्हणायचे, माणूस ऐकून फिरला याचा पुरावा आहे तो. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजकुमारला नवा, नरम अर्ज लिहून दिला आणि त्याची चार दिवसांची रजा मंजूर झाली.

एप्रिलच्या शेवटी जुना सर्व्हर दगावला. दोन दिवस कारखान्याचं सगळं टपाल बंद. मी नवं मशीन उभं केलं, लोकांच्या टपालाच्या पेट्या त्यात ओतल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर तीनशेच्यावर पत्रं कुठं ना कुठं अडकलेली. अनंतराव, आमचे मॅनेजर, दर पंधरा मिनिटांनी दारात यायचे, घड्याळ बघायचे आणि जायचे. मी अडकलेली पत्रं गोळा करून ढकलायला एक छोटा प्रोग्राम लिहिला. काकांच्या पेटीत मसुद्यांच्या कप्प्यात सात पत्रं दिसली. सगळी पूर्ण लिहिलेली, पत्ता घातलेला, फक्त न गेलेली. मला वाटलं, म्हाताऱ्याला पाठवायचं बटण सापडलं नसेल, किंवा सर्व्हर बंद असताना राहिली असतील. डिस्पॅच माझ्या खोलीपासून चाळीस पावलांवर. विचारायला गेलो नाही. ती सातही तीनशेच्या ढिगात घातली. आत कुणाला काही विचारायचं नाही ही सोय मी नव्या मशीनवरही केलेलीच होती. सगळी ज्याच्या त्याच्या नावानं बिनबोभाट गेली.

त्याच सकाळी काकांनी दोन दिवसांनी आपलं मशीन उघडलं. नवा सर्व्हर, त्यामुळं पडद्यानं चार-पाच गोष्टी विचारल्या. त्यांनी फोन केला. मी म्हणालो, ओके म्हणा.

सातातली सहा पत्रं म्हणजे तमाशा झाला. धोंडिबानं मार्चमध्ये कँटीनच्या ताकाविषयी जे लिहायला सांगितलं होतं आणि ऐकून मागं घेतलं होतं, ते कँटीनच्या ठेकेदारासकट सगळ्यांनी वाचलं. एका फिटरनं आपल्या फोरमनला 'माणसात नसलेला' असं म्हटलं होतं, ते फोरमनपर्यंत पोचलं. ही भांडणं हसण्यावारी गेली. सातवा राजीनामा होता. पाण्यामुळं कंपनीला माणसं कमी करायचीच होती, आणि एकानं आपणहून मान पुढं केलेली. तो दुपारच्या आत मंजूर झाला.

राजकुमार रजा संपवून आला तेव्हा गेटवर त्याचं कार्ड चालेना. वॉचमननं काकांना बोलावलं. मी तेव्हा गेटजवळच कॅमेऱ्याची वायर बघत शिडीवर उभा होतो. राजकुमार ओरडला नाही. तो म्हणाला, "काका, तुम्ही वाचून दाखवलं होतं. मी नाय म्हणलो होतो."

 काका स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत म्हणाले, "माझ्या हातून गेलं असंल."

मी शिडीवरून उतरून सर्व्हरच्या खोलीत गेलो. सर्व्हर प्रत्येक पत्राची नोंद ठेवतो, कोणत्या मशीनवरून, कोणत्या खात्यातून, किती वाजता. सातही पत्रांपुढं काकांच्या मशीनचा आकडा नव्हता. ती सर्व्हरवरूनच निघाली होती, माझ्या खात्यातून, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी. म्हणजे ज्या दिवशी काकांवर आळ आला, त्याच दिवशी मला कळलं होतं. पुढचं काही मी नकळत केलं असं म्हणायची सोय उरली नाही.

संध्याकाळी अनंतरावांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं. त्यांनी मला जाणकार म्हणून विचारलं की हे पत्र कुठून गेलं असेल. काका माझ्याकडं बघत होते. त्यांच्या नजरेत संशय असता तर बरं झालं असतं. तिथं विश्वास होता, डॉक्टरकडं बघतात तसा.

मी म्हणालो, "काकांच्या मशीनवरूनच गेलं असणार."

काकांनी मान डोलावली. ते म्हणाले की सकाळी पडद्यानं विचारलं तेव्हा त्यांनी न वाचता ओके दाबलं होतं, त्यातच गेलं. जन्मभर दुसऱ्यांना वाचून दाखवलं आणि स्वतः न वाचता हो म्हटलं. हे त्यांनी अनंतरावांना असं सांगितलं की जणू ते माझीच बाजू मांडत होते.

राजीनामा कायम राहिला. काकांना लेखी समज मिळाली, आणि दुसऱ्यांचे अर्ज लिहायला मनाई. मला हुकूम झाला की असं परत होता कामा नये. मी एका दुपारीत सर्व्हर नीट लावला. आता आतल्या माणसालाही आधी नाव-पासवर्ड द्यावा लागणार. शिवाय एक यादी केली, कोणता पत्ता कोणाचा. ज्या नावानं आत आलास त्याच नावाचं पाकीट टाकता येईल, दुसऱ्याचं नाव घातलं तर तिथल्या तिथं परत. तपासायला मी माझ्या खात्यातून अनंतरावांच्या नावानं एक पत्र टाकून पाहिलं. सर्व्हरनं ते फेकून दिलं आणि कारण दिलं, हा पत्ता तुझ्या मालकीचा नाही. महिन्याच्या बैठकीत माझं कौतुक झालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत काकाही होते.

दुपारची रांग संपली. काका डबा खाऊन एकटेच बसायचे. चलन करताना ते आता आकडे पुटपुटत दोनदा वाचायचे, मग बटणावर बोट ठेवायचे, उचलायचे, परत वाचायचे. मागं ट्रकवाले हॉर्न वाजवायचे. गेटवरची पोरं म्हणायची, "ओकेकाका, जपून." मी दिलेलं नाव, नीट टिकलं. राजकुमारला शेंद्र्याला दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं. आधीपेक्षा लांब, आणि कायम नाही. काका दोनदा त्याच्या खोलीवर जाऊन आले. दोन्ही वेळा तो चहा पाजून उठला, बोलला काहीच नाही.

सर्व्हरवरच्या नोंदी चार आठवड्यांनी आपोआप पुसल्या जातात. ही सोयही मीच लावलेली. मी दिवस मोजत होतो. पुसली गेली असती तर मी सुटलो असतो, निदान मला तसं वाटत होतं. सत्ताविसाव्या दिवशी मी ते पान छापलं, घडी घातली आणि पाकिटात ठेवलं. एवढं केलं म्हणजे मी प्रामाणिक आहे, अशी समजूत करून घेऊन आणखी चार महिने काढले. कागदाच्या घड्या झिजल्या.

त्या साली पाऊस चांगला झाला. दसऱ्याच्या आधी काकांनी काम सोडलं. नोकरीची अजून दीड वर्षं बाकी होती. निरोपाला त्यांना घड्याळ दिलं गेलं, आणि कारखान्यातर्फे दोन शब्द बोलायला नेमका मला उभं केलं, कारण मी गमतीचं बोलतो. मी गमतीचं बोललो. लोक हसले, काकाही हसले. त्या रविवारी मी वाळूजजवळच्या रांजणगावला त्यांच्या घरी गेलो.

दार गोजरकाकूंनी उघडलं. पाणी दिलं आणि काका घरामागं नळ दुरुस्त करतायत म्हणून सांगितलं. मग हळूच म्हणाल्या, "सायेब, तुम्ही तरी सांगा त्यास्नी. गल्लीतली पोरं फारम घेऊन येत्यात, हे पेनाला हातच लावत नाय. म्हणत्यात माझा हात फितूर झालाय."

काका आले, खाटेवर बसले. मी जे तयार करून आलो होतो ते विसरलो आणि खिशातला कागद पुढं केला. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. इंग्रजी आणि आकडे. त्यांनी तो मला परत दिला.

"वाच. ऐकू दे."

मी वाचलं. तारीख, वेळ, पाठवणाऱ्याच्या जागी कुठं धोंडिबाचा, कुठं राजकुमारचा पत्ता, आणि ज्या खात्यातून निघालं त्याचं नाव. माझं नाव. सात ओळी वाचल्या, सातही वेळा माझं नाव आलं. मग वर मराठीत सगळं सांगितलं, मसुद्यांचा कप्पा, चाळीस पावलं, सगळं.

काकांनी एकच गोष्ट विचारली. "तुला कधी समजलं?"

"त्याच दिवशी."

 मी वाट बघत होतो की ते रागावतील, हाकलतील. माझी त्याची तयारी होती. त्याऐवजी त्यांनी उजवा हात मांडीवर पालथा ठेवला आणि डाव्या हातानं तो चोळत राहिले, अवघडलेला अवयव चोळतात तसा. काकू दारात उभ्या होत्या, त्या तोंड फिरवून आत गेल्या.

"पेन दे गं," काका आतल्या दिशेनं म्हणाले.

त्यांनी मॅनेजर साहेबांच्या नावे अर्ज लिहायला घेतला, माझ्या नावानं. मी सांगत होतो, ते लिहीत होते. दार उघडं ठेवलं ती सोय कुणासाठी होती हे मी गाळलं. ते थांबले.

"मी मागितली म्हणून केलीस. ते बी लिहायचं."

"त्याची काय गरज आहे, काका?"

"खरं हाय म्हणून."

ते लिहिलं. मग त्यांनी कागद समोर धरला आणि मोठ्यानं वाचला. आपली चूक दुसऱ्याच्या तोंडून, तिसऱ्याची असावी तशी स्वच्छ ऐकायला मिळणं ही काय गोष्ट आहे ते मला त्या दिवशी कळलं. माणसं ऐकून का फिरतात तेही कळलं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"हेच म्हणायचंय ना? फिरायचं असंल तर आत्ताच फीर. लई जण फिरलेत, त्यात कमीपणा नाय."

मी "व्हय" म्हणालो. सही केली.

दुसऱ्या दिवशी तो मजकूर मी ईमेलनं धाडला. सर्व्हरनं नाव विचारलं, पासवर्ड विचारला, पाकिटावरचं नाव माझंच आहे का ते पाहिलं आणि मगच घेतलं. अनंतरावांनी वाचला. मला बोलावून म्हणाले की आता काका गेले, राजकुमारही दुसरीकडं लागला, उगीच जुनं उकरू नकोस. माझी एक पगारवाढ अडवली आणि अर्ज फाइलला लावला. कारखान्यात कुणाला तो दाखवला नाही. वॉचमनला, धोंडिबाला, प्रेस शॉपमध्ये, मलाच एकेकाला गाठून सांगावं लागलं. काहींनी ऐकून घेतलं, काहींना आता त्याचं काही नव्हतं. धोंडिबा म्हणाला, म्हणजे ताकाचं बी तूच का. मी हो म्हणालो. त्यानं पुढं बरेच दिवस घरून आणलेलं ताक मला दिलं नाही.

राजकुमारला मात्र कागद धाडायचा नाही, समोर जाऊन सांगायचं, असं काकांनी बजावलं होतं. पुढच्या रविवारी ते माझ्या मोटारसायकलवर मागं बसले आणि आम्ही शहर ओलांडून शेंद्र्याला गेलो.  राजकुमार चहाच्या टपरीवर भेटला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता, चहाच्या ग्लासाकडं बघत होता. माझं सांगून संपलं तरी बघत राहिला. मला तो एक शब्द बोलला नाही, आजपर्यंत बोललेला नाही.

मग त्यानं ग्लास खाली ठेवला आणि बाकड्यावर काकांसाठी जागा केली.

"काका," तो म्हणाला, "पोरीच्या शाळेचा दाखला काढायचाय. अर्ज लागतो म्हणं."

काकांनी खिसा चाचपला. पेन होतं. टपरीवाल्यानं वहीचं एक पान फाडून दिलं. काका लिहायला लागले, मध्येच थांबून मुलीचं नाव, इयत्ता, जन्मतारीख विचारत. लिहून झाल्यावर त्यांनी कागद वर धरला, तसा मी उठलो आणि मोटारसायकलपाशी जाऊन उभा राहिलो. ट्रक जात होते, त्यामुळं शब्द नीट येत नव्हते. आवाज मात्र येत होता, सावकाश, नावगावासकट.